शिमिटाच्या माडीची राखण

डिचोलीच्या बाजारातल्या त्या इमारतीला खरं नाव होतं. वरच्या मजल्याच्या गॅलरीखाली उठावदार अक्षरांत ते लिहिलेलंही होतं: गोपाळ भुवन, १९६५. पण पत्ता सांगताना ते कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. गोवा मुक्त होऊन चार वर्षं झाली होती. बाजारात सगळीकडे चिऱ्याच्या भिंती आणि कौलं, आणि त्यांच्या मधोमध गोपाळ शेटनी स्लॅबची इमारत उठवली. लोक नुसते बघायला यायचे. वासा नाही, कौल नाही, मग पाऊस अडणार कसा, असा प्रश्न पडलेल्या कुणा म्हाताऱ्याने तिला शिमिटाची माडी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

म्हाताऱ्याची शंका अगदीच खोटी नव्हती. वीस वर्षांत स्लॅब गळायला लागला.

गोपाळ शेटचा पैसा खनिजाचा. आधी ट्रक, मग नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जी. माडीत खाली सहा गाळे होते, वर कंत्राटदारांची ऑफिसं आणि ड्रायव्हरांसाठी लॉजिंग. खनिजाचे ट्रक दारावरून जायचे, त्यामुळे दिवाळीला दिलेला पांढरा रंग शिमग्यापर्यंत तांबडा व्हायचा. त्या धुळीला बाजारात कुणी नावं ठेवली नाहीत. धूळ होती तोवर गिऱ्हाईक होतं.

सगुण पेडण्यातल्या हळर्णहून इथे आला तो मिसरूड फुटायच्या वयात, मामाच्या हाताखाली शिवण शिकायला. मामा वारला आणि गाळा भाच्याच्या नावावर झाला. खाणीवरच्या माणसांचे खाकी शर्ट, ड्रायव्हरांच्या पँटी, पुढे शाळांचे गणवेश, यांवर सगुणने घर चालवलं, मुली उजवल्या. शेजारच्या गाळ्यात शंभू घड्याळं दुरुस्त करायचा. शंभू सिंधुदुर्गातला, बांद्याच्या बाजूचा. बाप ट्रकवर क्लीनर म्हणून आला आणि इथेच राहिला. दोन गाळ्यांमधली भिंत एका विटेची. सगुणचं मशीन थांबलं की पलीकडून शंभू विचारायचा, "काय रे, धागो तुटलो काय चाय सांगू?" शंभूच्या लग्नाचा सफारी सगुणने शिवला. सगुणची बायको यशोदा पणजीला इस्पितळात होती, तेव्हा महिनाभर सगुणचा गाळा शंभूने उघडला, शिवलेले कपडे ज्याचे त्याला दिले, नवीन मापंसुद्धा घेतली. ती सगळी चुकीची निघाली, आणि त्यावर दोघे कितीतरी वर्षं हसले.

चवथीला डिचोलीचा बाजार ओस पडतो. ज्याचं मूळ घर जिथे, तो तिथे जातो. कुणी पेडण्याला, कुणी सत्तरीला, कुणी सिंधुदुर्गात. पण भाद्रपदातला पाऊस चवथ ओळखत नाही. गळक्या स्लॅबखाली मांडलेल्या बालद्या कुणीतरी ओतायला हव्यात, नाहीतर कापड कुजतं, साखर विरघळते. म्हणून माडीत एक रीत पडली. ज्याच्या घरी त्या वर्षी सुतक असेल, त्याने मागे राहायचं. त्याचा गणपती तसाही येणार नसतो. सहा घरांचे भाऊबंद धरले तर बहुतेक वर्षी कुणाला ना कुणाला सुतक असायचंच. नसलं तर लॉजवरच्या गुरख्याला चार पैसे द्यायचे. सुतकी माणसाकडे बाकीचे पाचही जण आपापली चावी सोपवायचे आणि बस धरायचे. पावती नाही, साक्षीदार नाही. मेल्या माणसाचं नाव घेऊन खोटं कोण बोलणार? आणि चवथीच्या दिवशी घरात गणपतीवर फळाफुलांची माटोळी न बांधता बसायची हौस कुणाला असते?

मग खाणी बंद झाल्या. वरची ऑफिसं एकेक करून रिकामी झाली, लॉजिंगच्या खिडक्यांत कबुतरं राहू लागली. गोपाळ शेट त्याआधीच गेले होते. त्यांचा मुलगा जयराम पणजीला राहायचा. त्याला माडी पाडून तिथे मोठं कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. गाळेकऱ्यांनी सोडायला नकार दिला, वकील केला आणि कोर्टातून पाडकामाला मनाई मिळवली. पण मनाई होती ती गाळेकरी आत असेपर्यंत. वकिलाने सहा जणांना समोर बसवून नीट समजावलं.

"कागदाचं मी बघतो. तुम्ही ताबा सोडू नका. चावी तुमच्या खिशात आहे तोवर गाळा तुमचा. एकदा का गाळे रिकामे होऊन त्यांच्या हातात गेले की सगळं उलटं होईल. मग त्यांना तुम्हांला काढायचं नसेल, तुम्हांला आत शिरायचं असेल."

"मी तर चावी करगोट्याकच बांधतंय," चहाचं हॉटेल चालवणारा दत्ताराम म्हणाला.

"तुज्या पोटाखाली करगोटो गावलो तर!" काकणवाली देवकी म्हणाली, आणि वकीलसुद्धा हसला.

खाणी बंद होऊन दुसरी चवथ येत होती. सणाला थोडे दिवस उरले असताना शंभू सगुणच्या गाळ्याच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"बाबली गेलो," तो म्हणाला.

"खंयचो बाबली?"

"माझो चुलतभाव. काल सांजेक. हार्ट."

सगुणने मशीन थांबवलं. बाबलीला तो ओळखत होता. पूर्वी बाबली डिचोलीला आला की शंभूच्या गाळ्यात बसायचा, घड्याळांच्या टिकटिकीवर बोटांनी ताल धरायचा. मग दोन घरांत काजूच्या बागेवरून बिनसलं आणि येणं-जाणं तुटलं.

"मग जातंस मा गावाक?"

"खंय जातलंय? तोंडां बंद आसत आमची. बागेत वाटो नाय, पण सुतकात वाटो आसा बघ." शंभू किंचित हसला. "यंदा राखण माझ्याकडे. चावयो द्या."

चवथीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी चाव्या दिल्या. देवकी म्हणाली, "शंभू, काकणां सांभाळ हां. एक जरी फुटला तर तुज्याच हातात भरतलंय." दत्तारामने करगोट्याचं नाटक करून खिशातून चावी काढली. सगुण शेवटचा. वकिलाचं वाक्य त्याला आठवलं नाही असं नाही. पण ते वाक्य जयरामसाठी होतं. शंभूच्या समोर ते आठवणंसुद्धा त्याला पाप वाटलं. त्याने चावी शंभूच्या तळहातावर वरून सोडली, सुतक्याला शिवू नये म्हणून, आणि म्हणाला, "कोपऱ्यातली बालदी भरता लवकर. तितकी बघ."

"बघतंय. जा तू. बस चुकात."

हळर्णातलं सगुणचं घर थोरल्या भावाचं. शुक्रवारी गणपती बसला. माटोळीला या वर्षी कांगलांची रानफळं, नारळांची पेण, सुपाऱ्यांचा घड, पुतण्यांनी रानातून आणलेली माट्टुळांची फळं असं सगळं मनासारखं बांधून झालं होतं. संध्याकाळी आरतीवाल्यांचं टोळकं वाड्यावरची घरं घेत घेत त्यांच्याकडे आलं. मातीच्या घुमटावर पडणाऱ्या थापांचा आवाज अंगणात आला तसा सगुण आरतीचं तबक घेऊन पुढे झाला. घुमट वाजवणारा माणूस डोळे मिटून, मान तिरकी करून वाजवत होता. चार बोटांची ती लकब सगुणच्या ओळखीची होती. आरती संपली, त्या माणसाने डोळे उघडले आणि सगुणकडे बघून ओळखीचं हसला.

सगुणच्या हातातलं तबक वाकडं झालं, तुपाचं निरांजन जमिनीवर पडलं.

"बाबली?"

"तर काय! लेक दिली ह्या वर्षी तुमच्या वाड्यार. म्हटलं पयल्या चवथीक जावयाकडे येवया. तू बरो मा?"

"तू मेलंस मा?" सगुणच्या तोंडून निघून गेलं.

अंगणातले सगळे खो खो हसले. बाबली सगळ्यांत मोठ्याने. "मेल्यार घुमट कोण वाजयता रे? कोणी सांगल्यान मी मेलंय?"

"शंभून."

बाबलीचं हसू जागच्या जागी थांबलं. पण चवथीचा दिवस, दुसऱ्याचं घर. त्याने खांदे उडवले. "बरा. आयुष्य वाढला माझा. काजीच्यो बियो खावन त्येचा पोट नाय भरला, आता माका खाता."

टोळकं पुढच्या घरी गेलं. सगुण पायरीवर बसून राहिला. यशोदा त्याच्याजवळ आली. तिला वेगळं काही सांगावं लागलं नाही, ती दारातच उभी होती.

"फोन करा," ती म्हणाली.

त्याने केला. शंभूचा फोन बंद होता. दत्तारामला केला, तो सत्तरीत, तिथे रेंज नाही. देवकीने उचलला, पण तिच्यामागे आरती चालू होती. तिला फक्त "सगुण, तुमकांय चवथीच्यो शुभेच्छा!" एवढंच सांगता आलं.

खोटं सुतक माणूस कशासाठी सांगतो? सगुणने डोक्यात सगळे रस्ते चालून बघितले. शंभूने बायकोला फसवलं असेल, भावांना टाळलं असेल, गावाला जायचा खर्च वाचवला असेल. प्रत्येक रस्ता थोडं चालून गेल्यावर तिथेच येऊन पोचत होता. सुतक सांगून त्याला मिळाल्या त्या फक्त चाव्या.

शनिवारी सकाळी पुतण्याने त्याला मोटारसायकलवरून म्हापशाला सोडलं. पंचमीचा दिवस, बसेस मोजक्या. डिचोलीची बस मिळाली ती अर्धी रिकामी. बाजारात उतरला तेव्हा सगळी शटरं खाली होती, एकही माणूस नव्हता, आणि त्या शांततेत जेसीबीचा आवाज त्याला वळणावरूनच ऐकू आला.

माडीचं दक्षिणेकडचं टोक नव्हतं. दत्तारामचं हॉटेल नव्हतं, देवकीचा गाळा नव्हता, वर जायचा जिना मधेच तुटून लोखंडी सळ्यांना लोंबकळत होता. जेसीबी चालवणारा आणि मलबा उचलणारी माणसं झारखंडची, त्यांना इथली चवथ नव्हती. उत्तरेकडचे दोन गाळे, सगुणचा आणि शंभूचा, अजून उभे होते. पण शटरं काढून टाकलेली, आत मोकळ्या भिंती.

समोरच्या बंद दुकानाच्या सोप्यावर निळ्या ताडपत्रीखाली सहा गाळ्यांचा माल रचून ठेवलेला होता. नीट. काकणांच्या पेट्या वेगळ्या, चहाची भांडी वेगळी, प्रत्येक ढिगावर पुठ्ठ्यावर नाव. सगुणची दोन्ही मशीनं पुसून, वर जुनी चादर घालून ठेवलेली. पुठ्ठ्यावरचं अक्षर शंभूचं.

शंभू सोप्याच्या पायरीवर बसला होता. सगुणला बघून तो उठला नाही.

"तू सोमवाराक येतलंस असा वाटला माका," तो म्हणाला.

"बाबली काल आमच्याकडे आरतीक आयलो."

शंभूने मान खाली घातली.

"कित्याक?" सगुण म्हणाला.

"कित्याक म्हणजे? वर बघ. ही आज ना उद्या कोणाच्या तरी डोक्यार पडपाचीच होती. खाणी गेल्यो, ट्रक गेले. तू कोणाचे खाकी शर्ट शिवतंस आता? माझ्याकडे घड्याळ घेवन कोण येता? पोरगो घरात बसून मोबाइलाचा दुकान घालूक बघता. जयरामान नव्या कॉम्प्लेक्सात पुढचो गाळो देतंय म्हणान सांगल्यान, रस्त्याच्या तोंडार."

"आणि आमका?"

"तुका पण मागलंय मी." शंभू आता त्याच्याकडे बघून घाईघाईने बोलू लागला. "तुका सोडून केलंय असा समजू नको. मागच्या बाजूक एक ल्हान गाळो आसा, जिन्याखाली. मी सांगलंय जयरामाक, सगुण नाय तर मी नाय."

"माका विचारलंस?"

"विचारला असता तर तू देवकीक सांगला असता."

ते खरं होतं. त्याने सांगितलं असतं, आणि शंभूला ते माहीत होतं. तीस-पस्तीस वर्षांची ओळख त्याने अशी वापरली होती: कोण काय करणार नाही हे त्याला अचूक ठाऊक होतं. सगुण चावी मागून घेणार नाही. देवकी संशय घेणार नाही. मेलेला माणूस खरंच मेला का, हे कुणी विचारायला जाणार नाही. जयरामने कितीही वकील लावले असते तरी त्याला हे कळलं नसतं. हे फक्त आतल्या माणसालाच कळतं.

त्याने वकिलाला फोन लावला. वकील आपल्या गावी होता. मागे झांजा वाजत होत्या, मुलं ओरडत होती. सगुणने थोडक्यात सांगितलं. वकिलाने कुणाला तरी "गप्प बसा रे!" म्हटलं आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "तुमचा गाळा उभा आहे?"

"आसा."

"आत कोणी आहे?"

"नाय."

"मग आत जाऊन बसा. मशीन घेऊन बसा. कोर्ट सोमवारी उघडेल, पोलिसांत मी फोन करतो, पण आज मला कोणी मिळेलच असं नाही. तुम्ही बसलेले असलात तर ताबा तुमचा आहे. उठलात तर संपलं."

सगुणने ताडपत्री बाजूला केली. मशीन एकट्याने उचलणं शक्य नव्हतं. शंभू आपोआप पुढे झाला, दुसरी बाजू धरायला. सगुण थांबला. शंभूने हात मागे घेतला. मग सगुणने ते ओढत ओढत रस्ता ओलांडून नेलं, पायऱ्यांवर एकेक पाय चढवत, आणि जुन्या जागी लावलं. स्टूल आणलं. बसला. कापड नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, समोर शटरच्या जागी उघडा रस्ता. जेसीबीचा दांडा जिन्यापाशी थांबला.

"चाचा, हटना पड़ेगा," ड्रायव्हर म्हणाला.

"सोमवाराक," सगुण म्हणाला. "सोमवार को."

ड्रायव्हरने शंभूकडे बघितलं. शंभूने जयरामला फोन केला. जयराम पणजीला स्वतःच्या गणपतीपुढे होता, त्याने उचलला नाही.

सगुणने यशोदाला कळवलं की नव्या भाताची कणसं त्याच्या वाटची भावाने दाराला बांधावी, तो येत नाही. ती म्हणाली, "जेवलात?" तो म्हणाला, "जेवतलंय."

त्या एका गाळ्याचा खटला पुढे कित्येक वर्षं चालला. बाकीचे पाच गेले, आणि कॉम्प्लेक्स बांधताना जयरामला नकाशा दोनदा बदलावा लागला. पण ते सगळं नंतरचं. त्या शनिवारी सगुणला फक्त स्टुलावरून उठायचं नव्हतं.

दुपारी शांता आली. शंभूची बायको, बोर्ड्याला राहायची, बाजारापासून चालत येण्याजोगं. नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. केस विस्कटलेले, कपाळावर कुंकू नावाला. शंभू पायरीवरून उठून तिला वाटेतच अडवायला गेला, पण तिने सगुणला बघितलं होतं. ती गाळ्यासमोर येऊन थांबली. आत शिरली नाही, सुतक होतं ना.

"भावोजीनू, तुमी हळर्णाक गेलात असा हे सांगी होते. तिकडचा कोण भेटला? बाबलीच्या दिवसांक कोण बसलाहा? पोरां बापाविना झाली त्येची. मी ह्येंका सांगतंय, भांडण आसा म्हणून काय झाला, मेल्या माणसाकडे जावक नको? ऐकतत खंय!" तिचे डोळे भरून आले. "माझ्या लग्नात त्येनीच घुमट वाजयलेलो."

सगुणने शंभूकडे बघितलं. शंभू रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याने काही खूण केली नाही, हात जोडले नाहीत. फक्त बघत राहिला. सगुणला कळलं की या क्षणी त्याच्यावर भरवसा ठेवला जातोय. सगुण बोलणार नाही, हेही शंभूने धरून ठेवलेलं होतं.

"वयनी," सगुण म्हणाला, "बाबली काल आमच्या अंगणात घुमट वाजयत होतो."

शांताला आधी कळलं नाही. मग तिने मोकळ्या गाळ्यांकडे बघितलं, पडलेल्या जिन्याकडे, ताडपत्रीखालच्या ढिगांकडे, पुठ्ठ्यावरच्या नवऱ्याच्या अक्षराकडे. ती शंभूकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"मग आमचो गणपती कित्याक येवक नाय?"

तिने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"पोरग्यान मखर केलेला. मी त्येका मोडूक लायलंय. कित्याक येवक नाय आमचो गणपती?"

रस्त्यावर कुणी नव्हतं. झारखंडची माणसं मलब्यावर बसून बघत होती, त्यांना भाषा कळत नसली तरी बाकी सगळं कळत होतं. शांताने पदर खोचला, दोन पायऱ्या चढून गाळ्यात आली, आणि नवऱ्यासाठी आणलेला डबा सगुणच्या मशीनच्या फळीवर ठेवला.

"खावा, भावोजीनू," ती म्हणाली. "आमच्याकडे कोण मेलेलो नाय."

ती शंभूच्या बाजूने गेली, त्याला वळसा न घालता, न थांबता, आणि बोर्ड्याच्या रस्त्याला लागली. शंभू तिच्यामागे चार पावलं गेला, परत आला, पुन्हा सोप्याच्या पायरीवर बसला.

सगुणने डबा उघडला. भात, बिनफोडणीची डाळ, मीठ. पंचमीच्या दिवशी, घराघरात नेवऱ्या आणि पातोळ्या असताना, दहा दिवसांचं सुतक मनापासून पाळणाऱ्या बाईने रांधलेलं अन्न. त्याने भातावर डाळ ओतली आणि खायला सुरुवात केली. ड्रायव्हरने जेसीबीचं इंजिन बंद केलं आणि तोही आपल्या माणसांबरोबर जेवायला बसला.